स्नॅप मटार घरी लावताना: आधी गारवा, मग मुळांना हवा, मग खत

स्नॅप मटार म्हणजे सालासकट खायचे मटार. त्याबद्दल मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "गेल्या वेळी गॅलरीत तीन कुंड्यांत स्नॅप मटार लावले. वेल छातीपर्यंत गेले, पानं गर्द हिरवी होती, फुलंही भरपूर आली. पण बहुतेक फुलं गळली आणि हाती मोजून अकरा शेंगा लागल्या. आता माती सोडून हायड्रोपोनिक्स करावं असं वाटतंय. कोणती सिस्टीम घ्यावी? घरात लाइटखाली जमेल का? परागीभवन हाताने करावं लागतं का?"

सिस्टीम घेण्याआधी थोडं थांबा. तुम्ही जे वर्णन केलं आहे त्यात फूलगळीची दोन कारणं मला दिसतात, आणि मातीतून पाण्यावर गेलात तरी ती दोन्ही तुमच्यामागे येतील. एक उष्णता, दुसरं नत्राचा अतिरेक. मटाराची पानं गर्द हिरवी, मोठी आणि लुसलुशीत झाली, वेल भराभर वाढला, की मला काळजी वाटते. मटाराला नत्र भरपूर मिळालं की तो पानं करत बसतो आणि फुलांना अन्न कमी पडतं. त्यात हवा तापली की राहिलेली फुलंही टिकत नाहीत.

मटार हे थंड हवेचं पीक आहे, हे सगळेच वाचतात. पण त्याला नेमका किती गारवा लागतो हे फार थोडे जण तपासतात. वाढीसाठी १३ ते १८ अंश सेल्सिअस उत्तम. दिवसा २४ पर्यंत गेलं तरी चालतं. दुपारचं तापमान २७ च्या पुढे रोज जायला लागलं की फुलं आणि कोवळ्या शेंगा गळायला सुरुवात होते, ३० च्या पुढे तर वेल जवळजवळ हात टेकतो. रात्र उबदार असेल तर हे आणखी लवकर होतं. उलट बाजूला, लहान रोप हलकं दंव सहज सोसतं; फुलं आणि शेंगा मात्र दंवाने खराब होतात. म्हणून पेरणीची तारीख मागून मोजत यायची. तुमच्याकडे ज्या आठवड्यात दुपारी पारा २७ च्या वर स्थिरावतो, तिथून बुटक्या जातीसाठी ७५ ते ९० आणि उंच जातीसाठी ८५ ते १०० दिवस मागे जा. बुटक्या जातीला पेरल्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण ५५ ते ६० दिवस लागतात, उंच जातीला ६५ ते ७०, आणि तोडणी तीन-चार आठवडे चालते. उंच जातीला पुरेल एवढा गार काळ मिळणार नसेल तर बुटकीच जात घ्या, किंवा मग लाइटखालच्या गार खोलीचा विचार करा. त्याबद्दल पुढे सांगतो.

जातीबद्दल दोन शब्द, कारण इथेही बरीच गल्लत होते. सोलायच्या मटाराच्या शेंगेत आतून एक चिवट पापुद्रा असतो, त्यामुळे सालासकट खाता येत नाही. चपट्या शेंगेच्या मटारात, म्हणजे स्नो पीमध्ये, हा पापुद्रा नसतो. पण तो दाणे भरायच्या आत तोडावा लागतो. स्नॅप मटारात पापुद्रा नाही आणि साल जाड, रसाळ, त्यामुळे दाणे भरल्यावरही अख्खी शेंग कुरकुरीत खाता येते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात कॅल्विन लॅम्बॉर्न यांनी जाड सालीचं एक वेगळं निघालेलं झाड स्नो पीशी संकरित करून हा प्रकार घडवला आणि १९७९ साली 'शुगर स्नॅप' ही जात बाजारात आली. ती आजही चवीला अव्वल आहे, पण वेल सहा फुटांच्या आसपास जातो आणि भुरी या बुरशीरोगाला लवकर बळी पडतो. 'शुगर अॅन' ही बुटकी, दोन-अडीच फुटांची, लवकर येणारी. 'सुपर शुगर स्नॅप' उंच, पण भुरीला बऱ्यापैकी तोंड देणारी. कुंडीसाठी, बादलीसाठी आणि लाइटखाली मी शुगर अॅनच्या उंचीचीच जात सांगेन. पाकिटावर उंची लिहिलेली नसेल तर ते पाकीट घेऊ नका. आणि एक महत्त्वाची सूचना: सुवासिक फुलांसाठी लावतात तो 'स्वीट पी' वेगळा, त्याच्या बिया आणि शेंगा विषारी असतात. नाव ऐकून गोंधळू नका.

बियाणं सुरकुतलेलं दिसतं, ते वाईट नाही. दाण्यात स्टार्च कमी आणि साखर जास्त असली की सुकताना तो असा आक्रसतो. पण याच साखरेमुळे गार, चिंब मातीत हे बी गुळगुळीत बियांपेक्षा लवकर कुजतं. उगवण तापमानावर फार अवलंबून आहे: ५ अंशांना महिन्याहून अधिक, १० अंशांना सुमारे दोन आठवडे, २० अंशांना आठवडाभर. मी कधीच थेट गार कुंडीत पेरत नाही. बी चार ते सहा तास साध्या पाण्यात भिजवायचं, त्याहून जास्त नाही, कारण रात्रभर बुडालेल्या बियाला हवा मिळत नाही आणि त्यातली साखर पाण्यात झिरपून जाते. मग ओलसर, पिळून घेतलेल्या कागदी रुमालात गुंडाळून झाकण अर्धवट लावलेल्या डब्यात घरातच ठेवायचं. दोन-चार दिवसांत पांढरं मूळ डोकावतं. ते एक सेंटिमीटरच्या आत असतानाच लावायचं. लांब झालं की मोडतं. रंगीत औषध लावलेलं बी असेल तर हातमोजे घाला आणि त्या बियांचे कोंब खाण्यासाठी वापरू नका.

मटाराचं बी उगवताना दोन्ही दलं जमिनीतच राहतात, वर फक्त शेंडा येतो. याचा फायदा असा की पक्ष्याने किंवा गोगलगायीने शेंडा खाल्ला तरी खालच्या पेरातून नवा कोंब फुटतो. त्यामुळे खाल्लेलं रोप उपटून टाकू नका, आठवडाभर वाट पाहा.

आता कुंडी. खोली किमान २५ सेंटिमीटर, आणि रुंदी जितकी जास्त तितकं बरं. २० लिटरच्या बादलीत बुटक्या जातीची सहा ते आठ रोपं मावतात. बी तीन सेंटिमीटर खोल, दोन बियांमध्ये पाच सेंटिमीटर. मटाराला दाटी चालते, एकमेकांना धरून ते उभे राहतात. मिश्रण भुसभुशीत हवं: कोकोपीट, चाळलेलं कंपोस्ट आणि पर्लाइट (फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू. कंपोस्ट एकूण मिश्रणाच्या पाव भागापेक्षा जास्त नको. तुमच्या कुंड्यांत काय झालं असेल याचा अंदाज इथेच येतो. शेणखत किंवा गांडूळखत अर्ध्याला अर्धं घातलं असेल, वर महिन्याला नत्राचं द्रावण दिलं असेल, तर ती गर्द पानं तिथूनच आली.

मटाराला हवेतलं नत्र मिळवता येतं, पण एकट्याने नाही. मुळांवर गाठी करून राहणारे रायझोबियम जिवाणू ते काम करतात. विकतच्या नव्या मिश्रणात हे जिवाणू बहुधा नसतातच, म्हणून मटारासाठीचं रायझोबियम कल्चर बियाला चोळून लावावं. सगळ्या कडधान्यांना एकच कल्चर चालत नाही, पाकिटावर मटाराचं नाव पाहून घ्या. तीन-चार आठवड्यांनी एखादं रोप हळूच उपटून पाहा: गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. मातीत नत्र आधीच भरपूर असेल तर झाड या गाठी करायचा खटाटोप टाळतं. म्हणजे जास्त खत घालून आपण झाडाची स्वतःची व्यवस्थाच बंद पाडतो.

आधाराची बाब लहान आहे, पण चुकते. पानाच्या टोकाला जे तणावे येतात ते बारीक वस्तूलाच विळखा घालू शकतात. जाड बांबू त्यांना पकडता येत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक काहीतरी द्या: सुतळी, जाळी, वाळलेल्या काटक्या. आणि हा आधार पेरतानाच उभा करा. नंतर खोचायला गेलात तर मुळं तुटतात. बुटक्या जातीलाही आधार हवा. पाकिटावर 'आधाराची गरज नाही' असं लिहिलेलं असलं तरी शेंगा भरल्यावर ती जात आडवी होते.

इथपर्यंतचं सगळं मातीत आणि पाण्यात सारखंच लागू आहे, रायझोबियम आणि कुंडीतलं मिश्रण सोडून. आता हायड्रोपोनिक्स.

मटाराचं मूळ हवेला हपापलेलं असतं. एक-दोन दिवस साचलेल्या पाण्यात बुडालं की खालची पानं पिवळी पडायला लागतात, आणि तीच पिवळी पानं पाहून लोक आणखी पाणी किंवा खत देतात. म्हणून पाण्यावर मटार घेताना मी एकच गोष्ट सतत पाहतो: मुळांना ऑक्सिजन कुठून मिळतोय? २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. शिवाय गरम पाण्यात मुळांची भूक वाढते आणि पिथियमसारख्या मुळकुजीच्या बुरशीलाही ते मानवतं. म्हणजे पुरवठा घटतो, मागणी वाढते आणि शत्रू बळावतो, हे तिन्ही एकाच वेळी. द्रावण १८ ते २० अंशांवर ठेवा, २२ ओलांडू देऊ नका. हवा २४ असताना काळ्या टाकीतलं पाणी उन्हात ३० ला पोचलेलं मी मोजलं आहे. त्या टाकीतली मुळं चार दिवसांत तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती, आणि वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की रोपाला पाणी कमी पडतंय. टाकी सावलीत ठेवा, बाहेरून पांढरी रंगवा किंवा परावर्तक फॉइल गुंडाळा, आतून मात्र उजेड पूर्ण बंद. उजेड शिरला की शेवाळ आलंच.

सिस्टीमचं विचाराल तर माझी पहिली पसंती डच बकेट. दहा-बारा लिटरची बादली, त्यात पर्लाइट, किंवा पर्लाइट आणि कोकोपीट निम्मं-निम्मं, वरून ठिबक, आणि तळाशी वाकड्या नळीचा निचरा, ज्यामुळे बुडाला चार-पाच सेंटिमीटर द्रावण साठून राहतं. पंप काही तास बंद पडला तरी तेवढा साठा झाडाला तगवतो. एका बादलीत तीन-चार रोपं लावा. पाणी दिवसातून चार ते सहा वेळा, थोडं थोडं. फुलं-शेंगा लागल्यावर फेऱ्या वाढवायच्या. मटाराच्या उभ्या वेलीला धरून ठेवायला बादलीतलं खोल माध्यम असतं आणि मुळांना हवाही मिळते. कोकोपीट वापरणार असाल तर आधी ते साध्या पाण्याने, निथळणाऱ्या पाण्याचा ईसी (पाण्यात विरघळलेले क्षार किती याचं माप, मिलिसीमेन्समध्ये) उतरेपर्यंत धुवा आणि एकदा कॅल्शियम नायट्रेटच्या हलक्या द्रावणात भिजवून घ्या. कच्च्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम अडवून ठेवतं.

एअर पंप लावलेली पाण्याची टाकी, म्हणजे डीडब्ल्यूसी, दुसऱ्या क्रमांकावर. ती चांगली चालते, पण पंप चोवीस तास चालू हवा आणि पाणी गार हवं. दोन्हींपैकी एकाची खात्री नसेल तर या वाटेला जाऊ नका.

हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ओळखली जाणारी पंपाविनाची पद्धत अनेकांना स्वस्त म्हणून आकर्षक वाटते. मटारावर ती चालते, मात्र भांडं मोठं हवं. १५ ते २० लिटरच्या अपारदर्शक बादलीत दोन-तीन बुटकी रोपं, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला द्रावण झाकणात बसवलेल्या, रोप धरणाऱ्या जाळीच्या कपाच्या बुडाला एक-दोन सेंटिमीटर शिवेल इतकं भरा. झाड पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि मधल्या मोकळ्या जागेत हवेतून श्वास घेणारी मुळं तयार होतात. खरी चूक पुढे होते. पातळी उतरलेली पाहून माणूस बादली पुन्हा काठोकाठ भरतो आणि ती हवेतली मुळं बुडून मरतात. भर घालायचीच तर सुरुवातीच्या पातळीच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. शेंगा भरताना एका बादलीतलं पाणी किती वेगाने संपतं हे पाहून धक्का बसतो, त्या दिवसांत रोज झाकण उचलून बघा.

पाइपमधून पातळ धार वाहणारी एनएफटी सिस्टीम मटारासाठी मला नको वाटते. मुळांचा गुंता पाइप तुंबवतो आणि वरचा वेल उथळ कपाला ओढून पाडतो. टेबलावरच्या तयार छोट्या यंत्रात बुटका मटारही लाइटला टेकतो. तिथे कोवळे शेंडे भाजीसाठी जरूर घ्या, शेंगांची अपेक्षा ठेवू नका.

द्रावणाबद्दल. पीएच ५.८ ते ६.५ मध्ये ठेवा. नायट्रेट खाताना झाड द्रावणाचा पीएच वर ढकलतं, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी तो थोडा चढलेला दिसेल. ते निरोगी झाडाचं लक्षण आहे, थेंब थेंब आम्ल घालून खाली आणा. ७ च्या वर राहिला तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतील, म्हणजे लोह असूनही झाडाला घेता येत नाही. अशा वेळी आणखी खत ओतू नका, पीएच उतरवा. मटार क्षारांना नाजूक आहे. रोपावस्थेत ईसी ०.८ ते १.०, वाढताना १.२ च्या आसपास, फुलं लागल्यावर १.४ ते १.८. टोमॅटोसाठी वापरतात तसलं २.५ चं द्रावण मटाराला दिलं तर पानांच्या कडा करपतात. तुमच्या साध्या पाण्याचाच ईसी ०.५ असेल तर तोही या आकड्यात मोजायचा. क्षार पीपीएममध्ये दाखवणारा टीडीएस मीटर असेल तर तो कोणत्या पट्टीवर चालतो ते पाहा, कारण ईसी १.० हा एका मीटरवर ५०० पीपीएम दिसतो आणि दुसऱ्यावर ७००. या गोंधळात अनेकांनी दीडपट खत दिलेलं मी पाहिलं आहे.

नत्राचा प्रश्न इथे वेगळा होतो. पाण्यात रायझोबियम घालायचा मोह टाळा. द्रावणात नायट्रेट असताना गाठी बनत नाहीत किंवा काम करत नाहीत, आणि नायट्रेट काढून गाठींवर विसंबलं तर त्या तयार होईपर्यंत रोप उपाशी राहतं. तेव्हा द्रावणातूनच सगळं अन्न द्या, फक्त पालेभाजीसाठीचं नत्रप्रधान मिश्रण घेऊ नका. फळभाज्यांसाठीचं दोन भागांचं खत, ए आणि बी, कमी तीव्रतेने वापरा. दोन्ही भाग पाण्यात वेगवेगळे मिसळायचे; तीव्र अवस्थेत एकत्र आले तर कॅल्शियम फॉस्फेट-सल्फेटशी जुळून गाळ होतो आणि तो झाडाला मिळत नाही. कळ्या दिसल्या की पोटॅशियम थोडं वाढवा. फिरतं द्रावण दोन आठवड्यांनी पूर्ण बदला. मधल्या काळात भर घालताना साधं पाणी किंवा निम्म्या तीव्रतेचं द्रावण घाला, कारण गरम दिवसांत झाड पाणी जास्त आणि क्षार कमी घेतं आणि ईसी आपोआप चढतो.

रोप सिस्टीममध्ये लावताना मुळांना हात कमी लावा. मोड आलेलं बी थेट रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंपासून केलेल्या स्पंजासारख्या माध्यमाच्या) किंवा कोकोपीटच्या छोट्या ठोकळ्यात ठेवा, ठोकळा जाळीच्या कपात, आणि पहिलं मूळ खाली दिसलं की कप जागेवर. मातीत वाढवलेलं रोप धुऊन पाण्यात लावायचा प्रयोग मी बऱ्याचदा केला. बहुतेक वेळा ते आठवडा-दोन आठवडे अडून बसलं आणि थेट लावलेलं रोप त्याच्या पुढे निघून गेलं.

घरात लाइटखाली जमतं, पण खोली गार असायला हवी, हे आधी. २८ अंशांच्या खोलीत कितीही चांगला लाइट फुलं टिकवणार नाही. दिवसाला १४ ते १६ तास प्रकाश द्या. मटाराला मोठा दिवस मिळाला की फुलं लवकर येतात. प्रकाशाची तीव्रता शेंड्यापाशी साधारण ३०० मायक्रोमोल (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला) असेल तर १४ तासांत दिवसाचे सुमारे १५ मोल होतात, आणि बुटक्या जातीला शेंगा धरायला तेवढं पुरतं. खिडकीतला उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, पण बहुतेक खिडक्यांत तो यापेक्षा खूपच कमी असतो. दोन पेरांमधलं अंतर वाढत चाललं आणि शेंडा खिडकीकडे वाकला, तर उजेड अपुरा आहे हे झाड स्वतःच सांगतंय. लाइट वर-खाली करता येईल असा टांगा, वेल त्याला शिवू देऊ नका, आणि एक छोटा पंखा हलक्या वाऱ्यासाठी लावा.

परागीभवनाची चिंता सोडा. मटाराच्या फुलात पराग कळी उमलायच्या आधीच स्त्रीकेसरावर पडलेला असतो. ब्रश नको, मधमाशी नको. फूल उमललेलं तुम्हाला दिसतं तेव्हा बहुतेक वेळा काम झालेलं असतं. म्हणूनच फूल गळलं तर मधमाशीची वाट पाहण्यात अर्थ नाही. गळण्याचं कारण उष्णतेत, पाण्याच्या ताणात, नत्रात किंवा उजेडाच्या कमतरतेत शोधायचं. यातला पाण्याचा ताण मातीच्या कुंडीत फार होतो. फुलं आणि शेंगा भरताना मटाराला पाण्याची सर्वाधिक गरज असते आणि भरलेला वेल छोटी कुंडी एका दुपारीत कोरडी करतो. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं की पाणी. मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घातलं तर मुळंही गार राहतात.

रोग-किडींत मला सर्वांत जास्त त्रास भुरीने दिला आहे. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग. इतर बऱ्याच बुरशींसारखं हिला पान ओलं असावं लागत नाही. कोरडे उबदार दिवस आणि गार रात्री तिला पुरतात, म्हणून ती हंगामाच्या शेवटी येते. उपाय आधीच करायचा: रोपांमधून हवा खेळू द्या, प्रतिकारक जात घ्या, खालची पिवळी पानं काढा. डाग दिसताच पोटॅशियम बायकार्बोनेटची किंवा विद्राव्य गंधकाची फवारणी करता येते. मात्र गंधक ३० अंशांच्या वर फवारू नका आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी टाळा, पानं भाजतात. मावा शेंड्यांत लपतो. तो दिसला की पाण्याच्या धारेने झोडपून काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा, कारण तो विषाणूही पसरवतो. घरात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी आहे, कोरडी हवा त्याला आवडते. पानांत नागमोडी पांढऱ्या रेषा म्हणजे नागअळी. ती पानं तोडून टाकली की घरगुती बागेत बहुधा पुरतं. रोप एका बाजूने पिवळं पडून भर पाण्यात कोमेजलं तर मर हा बुरशीरोग असू शकतो. त्याला औषध नाही. रोप काढा आणि त्या मातीत पुढची बरीच वर्षं मटार लावू नका.

तोडणी. इथे स्नॅप मटाराची सगळी मजा आहे, आणि बहुतेक जण घाई करतात. शेंग लांबीला पूर्ण झाली तरी चपटी असताना ती गोड नसते. दाणे आत भरून शेंग गोल, टचटचीत झाली पाहिजे, रंग अजून चकचकीत हिरवा हवा, आणि मोडली तर कट्‌कन आवाज करून तुटली पाहिजे. साल निस्तेज झाली, दाण्यांचे उंचवटे बाहेरून स्पष्ट दिसायला लागले की एक-दोन दिवस उशीर झाला. रोज किंवा एक दिवसाआड तोडा. एक जरी शेंग वेलीवर जून झाली, तरी झाड बी तयार झालं असं समजून नवी फुलं थांबवायला लागतं. तोडताना एका हाताने वेल धरायचा, दुसऱ्याने शेंग. एका हाताने ओढलं तर वेल मुळातून हलतो. जुन्या जातींना दोन्ही कडांना शीर असते, ती देठाकडून खाली ओढून काढा. तोडल्याक्षणापासून साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून सकाळी गारव्यात तोडा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा, पिकत्या फळांपासून लांब.

किती मिळेल, हेही सांगतो, म्हणजे अपेक्षा नीट राहतील. बुटक्या जातीचं एक झाड सगळ्या हंगामात मूठ-दोन मुठी शेंगा देतं. तीन कुंड्यांत सहा-सात झाडं लावून घरादाराला पुरतील असं होत नाही. पंधरा-वीस झाडं असतील तर दर दोन दिवसांनी वाटीभर शेंगा हाती येतात.

तुमच्या जागी मी असतो तर येत्या हंगामात नवी सिस्टीम एकच घेतली असती: दोन डच बकेट, त्यात मिळून सात-आठ शुगर अॅन. शेजारी त्याच दिवशी पेरलेल्या दोन कुंड्या, कमी कंपोस्ट आणि रायझोबियम लावलेल्या, त्यातही तेवढीच झाडं. एक साधा थर्मामीटर सावलीत आणि एक टाकीत. फुलं कधी लागली, दुपारचा पारा किती होता, किती फुलांच्या शेंगा झाल्या, एवढं रोज लिहून ठेवा. तुमच्या गॅलरीत माती बरी की पाणी, हे त्या वहीतून कळेल. माझा अंदाज असा की पेरणी वेळेवर झाली आणि कंपोस्ट आवरलं, तर कुंड्याही तुम्हाला चकित करतील.

हंगाम संपत आला की सर्वांत निरोगी झाडावरच्या पाच-सहा शेंगा तोडू नका, वेलीवरच तपकिरी होऊन खुळखुळू द्या. मटार स्वतःचं परागीभवन स्वतःच करतो, त्यामुळे बी जातीला धरून येतं. शेंगा सोलून दाणे आणखी आठवडाभर सावलीत वाळवा, दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून आत लपलेले भुंगे संपवा, आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गार, कोरड्या जागी ठेवा. तीन वर्षं तरी ते चांगलं उगवतं.